विलासचा डावा कान

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. हा ग्रुपसुद्धा टाइमपास म्हणून वाचायचो. तरी लिहितोय... कारण घरी बोललो तर बायको मलाच डॉक्टरकडे नेईल.

मी बडोद्याचा. मकरपुऱ्यात गिअरबॉक्स दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं झाली. माझं काम कानाचं. चालू गिअरबॉक्सवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि आतलं बेअरिंग चांगलं की गेलेलं ते सांगायचं. शेठ माझ्या शब्दावर माल सोडायचे.

हे काम मी विलासला शिकवलं, अगदी हाताला धरून. तो सुपरवायझर झाला. गेल्या उन्हाळ्यात त्याने पास केलेला एक गिअरबॉक्स मी थांबवला — बेअरिंग घरघरत होतं. सगळ्यांसमोर त्याने माझ्या डाव्या कानाखाली ठेवून दिली. वर शेठना सांगितलं, "काकांना वयामुळे ऐकू येत नाही, पॅकिंगला बसवा." शेठ म्हणाले, "चालशे," म्हणजे चालेल, आणि मी पॅकिंगला बसलो.

त्या दिवसापासून तोंड उघडलं की कट् वाजायचं. डावा कान दडपलेला, आत सतत शिट्टी. कानाच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. छाणीच्या डेंटिस्ट बाईंनी कानापुढे बोट ठेवून तोंड उघडायला लावलं. म्हणाल्या, "जबड्याचा सांधा दुखावलाय. तो कानाला लागूनच असतो. त्यात तुम्ही दिवसभर दात आवळता. ते सोडा, कान सुधारेल." झोपताना दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी दिली.

दात आवळणार नाही तर काय करणार... समोर माझ्या जागी विलास उभा.

एका दुपारी पॅकिंगच्या टेबलावरून त्याच्याकडे बघत मी दात करकचून आवळले. माझा सांधा कट् झाला — आणि तिकडे विलासने स्क्रूड्रायव्हर टाकून डावा गाल धरला. योगायोग, म्हटलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा आवळले. त्याचा कप सांडला. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांना विचारत फिरला, "शिट्टी कोण वाजवतंय रे?" खरं सांगतो, भीती नाही वाटली. बरं वाटलं.

मग पट्टी लावून पाहिली. पंधरा दिवसांत माझा कान मोकळा झाला... आणि विलासचाही. तो पुन्हा खिदळत फिरू लागला. मी पट्टी कचऱ्यात टाकली.

पुढच्याच महिन्यात त्याने पास केलेला गिअरबॉक्स सावली गावच्या गिऱ्हाइकाकडे पहिल्या दिवशी जाम झाला. शेठनी त्यालाही पॅकिंगला आणून बसवलं. गेल्या रविवारी तो घरी आला, माझ्या पायाशी बसला. "काका, चुकलो. तुमच्यावर हात उचलायला नको होता. कान गेला तर माझ्याकडे काही उरणार नाही हो." रडत होता. माझेही डोळे भरले. पहिल्यांदा बेअरिंग ऐकू आलं तेव्हाचा त्याचा चेहरा आठवला.

जबडा सैल सोडायचा, एवढंच होतं. माझाही कान वाचला असता.

मी त्याच्याकडे बघत सावकाश दात आवळले. कट् असा आवाज झाला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय मोडलं?" या वेळी माझा सांधा वाजलाच नव्हता. आवाज त्याच्या गालातून आला होता.

यामागे काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. डेंटिस्ट बाई म्हणाल्या, एकाच्या जबड्याचा दुसऱ्याच्या कानाशी संबंध नसतो. नसेल. माझा डावा कान आता जवळजवळ गेलाच आहे. विलासला अजून थोडं ऐकू येतं, म्हणून मी थांबलेलो नाही.