मावशीनं भरलेली होडी

ज्या होडीनं तिची मुलगी नेली, ती होडी माझ्या मावशीनं स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली होती.

मावशी आज सकाळी गेली.
किडन्या गेल्या होत्या. बरेच दिवस डायलिसिस चालू होतं.

कोठीच्या बाजारात तिचं फॉल-पिकोचं छोटं दुकान. घर गौलीगुड्यात. काका लवकर वारले. एकच मुलगी, पल्लवी.

पल्लवी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर शहराबाहेरच्या तलावावर गेली होती. मधोमध गेल्यावर होडीत पाणी भरायला लागलं. सगळ्या घाबरून एका बाजूला सरकल्या. होडी कलंडली.

बाकीच्या वाचल्या.

काही महिन्यांनी मावशी म्हणाली, "मनू, गाडी काढ. मला ती होडी बघायचीय."
मी नको नको म्हणत होते. ती चपला घालून दारात उभी.

होडी काठावर पालथी घातलेली. नवाकोरा निळा पेंट.
होडीवाला यादय्या हात जोडून म्हणाला, "अम्मा, पेंट मारदिया. अब कुछ नै होता. इतवार से चालू करता."

मावशीनं केसातली पिन काढली आणि दोन फळ्यांच्या सांध्यात खुपसली.

अख्खी आत गेली.

वरून रंग होता. आत, पाणी अडवायला भरलेली सुताची दोरी पार कुजून गेलेली.

मावशी तिथेच मातीत बसली. माझ्या स्कूटीतला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ब्लाऊजची शिलाई उसवावी तसा सांधा उसवायला लागली. आतून काळा, घाण वासाचा लगदा निघत होता.

यादय्या ओरडला, "मेरी रोजी है अम्मा!"
"हौ. और मेरी बेटी थी."
तिनं मान वर केली नाही.

थोड्या वेळानं तोही पटाशी घेऊन समोर बसला.

मग दर रविवारी आम्ही जायचो. सांधे खरवडले, उन्हात वाळू दिले. यादय्या नवी दोरी ठोकून बसवायचा. मावशी तीन दगडांच्या चुलीवर तेलात राळ वितळवून वरून भरायची. हातावर फोड आले.
"बास कर गं, प्लीज," मी म्हणायचे.
"थांब. ही फट राहिलीय."

एकदा यादय्यानं हळूच विचारलं, "अम्मा, माफ करे ना मेरेकू?"
"नै. दोरी पकड."

होडी पाण्यात उतरवली, तेव्हा पहिली तीच बसली. पोहता येत नव्हतं तिला. मी काठावरून ओरडतेय, "मावशी, उतर!" तिनं यादय्याला होडी थेट मधोमध न्यायला लावली. तिथे ती होडीच्या तळाशी बसून एकेका सांध्यावरून तळहात फिरवत राहिली.

परत आली आणि हात माझ्यापुढे धरला.
कोरडा होता.

"एवढंच तर काम होतं गं, मनू," ती म्हणाली. "एवढंच."

आणि पल्लवी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. चिखलात बसून, मोठमोठ्यानं. यादय्या पाठ फिरवून उभा होता.

त्यानंतर ती त्या तलावावर कधी गेली नाही. पल्लवीचं नावही फारसं काढलं नाही. दुकान, घर, आणि शेवटी हॉस्पिटल.

उद्या सकाळी तिला न्यायचंय.
पल्लवी असती तर तिनंच अग्नी दिला असता.
ती नाही. मी देणार आहे.

मावशी, माझा शेवटचा नमस्कार घे.