चाळीस हजारांच्या पुढचं ऑइल

छिंगप्याव लायला ऑइलमधलं सगळं कळत असे. ते इंजिनासाठी असतं, एवढं सोडून.

साखर कारखान्यात तो वजनकाट्यावर कारकून होता. तीस वर्षं काचेआड बसून त्याने उसाच्या गाड्या आत येताना पाहिल्या, बाहेर जाताना पाहिल्या आणि त्यातून त्याचा असा समज झाला की जगातलं प्रत्येक वाहन आपल्या परवानगीने हलतं. निवृत्तीनंतर काटा गेला, समज राहिला. तो समज घेऊन तो रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ओआच्या गॅरेजात जाऊन बसे. ओआ म्हणजे काळ्या. त्या मेकॅनिकचं खरं नाव आमच्या मादोउ गावात त्याच्या आईला तेवढं ठाऊक, आणि तीही हाक काळ्या म्हणूनच मारते.

गॅरेजात लाल प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल होतं, ते छिंगप्यावचं. चहा काळ्याचा, पेपर काळ्याचा, पंख्याचा वारा काळ्याचा. अक्कल तेवढी छिंगप्यावची, आणि ती त्याच्याकडे कुणी मागत नसे. कुणी स्कूटर घेऊन आलं, काळ्याने खालचा बोल्ट सोडला आणि जुनं ऑइल परातीत पडायला लागलं की हा स्टुलावरून न उठता पुढे वाकायचा, तर्जनी बुडवायचा, अंगठ्यावर घासायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा.

"नऊशे किलोमीटर झालेत," तो सांगायचा. "गावातल्या गावात फिरवलेली. चालवणारी बाईमाणूस."

बाईमाणूस समोर हेल्मेट घालून उभंच असायचं, आणि नऊशेचा हिशेब स्कूटरवरच्या आकड्यांवरून कुणालाही लागायचा. तरी बघणारे "वा, मास्तर!" म्हणायचे. गावाला रिकामं बसून कुणाला तरी मोठं करायची हौस असतेच, आणि मादोउला त्या वर्षी दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

त्याच्या विद्येचा कणा एकच होता: चार हा आकडा वाईट. आता आमच्या बोलीत 'चार' आणि 'मरण' हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात हे खरं. इस्पितळात चौथा मजला नसतो, सरकारसुद्धा नव्या नंबरप्लेटवर चार घालत नाही. पण बाकीचे लोक चार टाळतात आणि कामाला लागतात. छिंगप्यावचं चार टाळणं हेच काम होतं. स्वतः आईचा चौथा मुलगा. विचारलं तर "मी धाकटा" म्हणायचा. ऑइल दर हजार किलोमीटरला बदलतात, हा आठशेला बदलायचा, कारण आठ शुभ. दहा-चाळीस ग्रेडचं ऑइल त्याने जन्मात घेतलं नाही. आणि डब्यावर '4T' असं छापलेलं असतं, तर तो आधी नखाने त्यातला चार खरवडून काढायचा, मगच काळ्याला ओतू द्यायचा.

"काका, अहो इंजिनच चार स्ट्रोकचं आहे," काळ्या एकदा म्हणाला.

"ते आतल्या आत आहे. बाहेर कुठे लिहिलंय?"

"मग इंजिनाला कळत नसेल?"

"तू स्पॅनर चालव, तोंड नको."

स्कूटर मात्र छिंगप्यावची नव्हती. ती त्याच्या बायकोची, ग्योकतानची. ती वागुई करायची. तांदूळ दळून त्याचं पीठ वाटीत वाफवायचं, आत मांस आणि मशरूम, आणि खाताना वरून लसूण घातलेला दाट काळा सोयासॉस. पहाटे उठून ती सव्वाशे वाट्या उकडायची, दोन क्रेट स्कूटरला बांधायची आणि पंचवीस किलोमीटरवर तायनानच्या बाजारात नेऊन विकायची. स्कूटर तिच्या वाट्यांवर आलेली, पेट्रोल तिच्या वाट्यांवर चालणारं. नवऱ्याकडे तिने फक्त ऑइल सोपवलं होतं. नवरा निवृत्त होऊन घरी आला तेव्हा त्याच्याकडे काहीतरी खातं असावं म्हणून तिने घरभर शोधलं. कुकर दिला तर पाणी घालायला विसरला, कपडे दिले तर पावसात वाळत घातले. ऑइल गॅरेजात काळ्याच बदलतो, त्यात हा बिघडवणार ते काय, असा तिचा हिशेब. बाई शहाणी, फक्त नवऱ्याच्या कर्तबगारीचा अंदाज तिला कमी पडला.

एकोणचाळीस हजार आठशेला ऑइल बदललं त्या दिवशी काळ्याने नेहमीप्रमाणे छोटं स्टिकर काढलं आणि पुढच्या बदलाचा आकडा लिहायला पेन टेकवलं.

"थांब," छिंगप्याव म्हणाला. "काय लिहितोयस?"

"चाळीस हजार सहाशे."

"माझ्या बायकोच्या गाडीवर चार लिहितोस?"

काळ्याने पेन वर धरलं. मग त्यालाही उमगलं. "काका, आता पुढचे दहा हजार किलोमीटर प्रत्येक आकड्यात चार येणार. चाळीस ते पन्नास. करणार काय?"

छिंगप्यावने चहाचा घोट घेतला. तीस वर्षं काचेआड बसलेल्या माणसाला उत्तर सुचायला एक घोट पुरतो. "आत्ता घातलंस ते काढ. सगळ्यात भारी सिंथेटिक घाल. माझ्या मेहुण्याच्या मोटारीत तेच आहे, दहा हजार जातं. थेट पन्नास हजारला बदलू."

"मोटारीत चार लिटर मावतं—"

"आकडा बोलू नकोस."

"बरं, भरपूर मावतं. हिच्यात मावतं पाऊण लिटर. आपल्या काकूंच्या तीन-चार वाट्या... तीन-पाच वाट्या म्हणा. थोडं जळतं, थोडं उडतं. सिंथेटिक असलं तरी असतं तेवढंच ना? मध्ये निदान दाखवायला तरी आणा."

"मला ऑइल शिकवतोस?"

काळ्याने खांदे उडवले आणि स्टिकरवर पन्नास हजार लिहिलं. त्यालाही नावं ठेवायला हवीत. माणूस चांगला, पण गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा पुढची स्कूटर स्टँडवर घेणं त्याला सोपं वाटलं. काकूंना एक फोन केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

हजार किलोमीटर झाले की त्या स्कूटरवर ऑइलचा तांबडा दिवा लागतो. तो एके सकाळी लागला. ग्योकतानने विचारलं, "हे काय लागलंय?"

"चाळीस हजारांची खोड आहे ती," नवरा म्हणाला आणि दुपारी देवळातून पिवळा मंतरलेला कागद आणून त्याने बरोब्बर त्या दिव्यावर डकवला. दिवा विझला नाही, दिसेनासा झाला. छिंगप्यावच्या लेखी या दोन गोष्टींत फरक नव्हता.

तीन महिने गेले. ग्योकतानला आवाज कळत होता. चढावर इंजिन खालून कुरकुरायचं, जसं पातेल्याचं पाणी आटलं की बूड बोलायला लागतं. तिने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा नवऱ्याने इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि "भारी ऑइल असंच बोलतं" असा निर्वाळा दिला. तिला पटलं नाही. पण तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती.

तायनानमध्ये रस्त्यावर मांडव घालून मोठ्या पंगती उठवणारा एक नावाजलेला आचारी होता. अकरा वर्षं तो तिच्या टपरीवर उभ्याने वागुई खाऊन जायचा आणि काही बोलायचा नाही. त्या शरदात एक दिवस तो वाटी खाली ठेवत म्हणाला, "ताई, येत्या रविवारी लग्नाची पंगत आहे. दोनशे चाळीस वाट्या, दहाच्या आत. जमलं तर माझ्या प्रत्येक पंगतीला वागुई तुमचीच." ग्योकतानने हो म्हटलं. मग घरी येईपर्यंत ती हेल्मेटच्या आत हसत होती. वयाच्या साठाव्या वर्षी बाजारातली टपरी सुटणार, उन्हातलं उभं राहणं सुटणार. दोनशे चाळीस हा आकडा तिने नवऱ्याला मात्र सांगितला नाही. "अडीचशेच्या आसपास" म्हणाली.

रविवारी तिने दोन खेपांचा बेत केला. पहिली खेप साताला पोचवून आली. दुसरी खेप घेऊन निघाली, आणि पपनसाच्या बागा संपून ऊस सुरू होतो तिथे स्कूटरने एकदा मोठ्याने ठोका दिला, मागचं चाक घासलं आणि सगळं थंड झालं. तिने बटण दाबलं. किक मारली. किक दगडासारखी. पाठीमागे एकशे वीस वाट्या, समोर तेरा किलोमीटर रस्ता, घड्याळात पावणेनऊ.

तिने आधी नवऱ्याला फोन केला. यालाच संसार म्हणतात.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "किती आकडा झालाय?"

"म्हाताऱ्या माकडा, मी रस्त्यात उभी आहे!"

"आकडा सांग आधी."

तिने फोन बंद केला आणि काळ्याला लावला. काळ्या पोराचा वाढदिवस सोडून निघाला, पण टेम्पो त्याने पाहुण्याला दिला होता, तो आधी आणायला लागला. मांडवात पोचले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. पंगत सूपपर्यंत पोचली होती. अर्ध्या टेबलांना वागुई मिळाली होती, अर्ध्या टेबलांवरचे पाहुणे शेजारच्या टेबलांकडे बघत होते, आणि नवऱ्यामुलाचा बाप आचाऱ्याकडे बघत होता. आचाऱ्याने उशिरा आलेल्या क्रेटमधली एक वाटी उचलली, उभ्याने संपवली.

"चव तीच," तो म्हणाला. "पण ताई, चव मी तुमच्या टपरीवर येऊनही खाईन."

एवढंच. ग्योकतान रडली नाही. मागे स्कूटर आणि परत आणलेले क्रेट, अशा टेम्पोत काळ्याच्या शेजारी बसून ती गॅरेजात आली आणि म्हणाली, "उघड. मला बघायचंय."

काळ्याने बोल्ट सोडला. खाली परात धरली. काही पडेना. मग सावकाश एक काळी, दाट, गुळाच्या काकवीसारखी तार लोंबली आणि टपकली. मागोमाग दोन-तीन चमचे, आणि बस्स. काळ्याने दिव्यावरचा पिवळा कागद नखाने सोलला, तिच्याकडे पाहिलं आणि चाळीस ते पन्नास हजारांची सगळी हकीकत सांगितली.

"आणि तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"काकू, चुकलं."

"चुकलं तर आहेच. त्याचं मग बघू. इंजिन उतरव." मग तिने क्रेटमधून एक वागुईची वाटी घेतली, परातीतला तो काळा ऐवज चमच्याने निपटला आणि वागुईवर नीट, कडेकडेने पसरला, जसा गिऱ्हाइकाला सॉस पसरते तसा. घरी जाऊन तिने वर थोडा लसूण भुरभुरला.

छिंगप्याव जेवायला बसलेलाच होता. "पोचली का वागुई?" त्याने विचारलं.

"उरली आहे. ही घे."

तिला वाटलं होतं हा बघेल, ओरडेल, आणि मग आपल्याला जे बोलायचंय ते बोलता येईल. तीस वर्षांचं साठलेलं होतं. पण त्याने बघितलंच नाही. त्याने तर्जनी बुडवली, सवयीने अंगठ्यावर घासली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

"सॉस बदललास," तो म्हणाला. "जरा दाट आहे. चांगलं आहे." आणि मोठा घास घेतला.

पुढचं वर्णन शेजारणींनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर केलं. तो मोरीत किती वेळ होता, त्याने किती तांबे पाणी घेतलं, मध्येच "विष! विष!" कसा ओरडला. ग्योकतान दाराशी उभी राहून एकच वाक्य म्हणाली: "विष कसलं, तुझंच भारी सिंथेटिक आहे. पन्नास हजारपर्यंत जाईल."

तिला जे बोलायचं होतं त्यातलं बाकीचं बोलायची गरजच उरली नाही.

तरी हा सुधारला असं समजू नका. चूळ भरून झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "आकडा काय होता?" चव्वेचाळीस हजार एकशे एकवीस. "बघ! दोन चार! मी सांगत होतो!" पुढे गावात तो सांगत फिरला की गाडी बरोब्बर चव्वेचाळीस हजार चारशे चव्वेचाळीसला बसली, आणि गाव मान डोलवत राहिलं, कारण गावाला तोच आकडा ऐकायला आवडतो.

तो आकडा खरा आहे, पण गाडी बसल्याचा नव्हे. पिस्टन बदलून, बोअर करून इंजिन पुन्हा बसवल्यावर काळ्या म्हणाला, "काकू, नवा पिस्टन आहे. पहिलं ऑइल तीनेकशे किलोमीटरला काढून टाकायचं, मग नेहमीसारखं हजाराला. कुठलं घालू?"

"दहा-चाळीस," ती म्हणाली. "साधं. आणि डबा खरवडू नकोस."

त्याने ओतलं, स्टिकर काढलं. ग्योकतानने पेन त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या हाताने ठळक लिहिलं: ४४४४४. मग किल्ली कमरेच्या दोरीला बांधली आणि वाट्यांचे क्रेट बांधून बाजाराच्या टपरीवर निघून गेली.

लाल स्टूल अजून तिथेच आहे, आणि त्यावर तोही. परातीत ऑइल पडायला लागलं की पुढे वाकतो, तर्जनी बुडवतो, अंगठ्यावर घासतो. नाकाशी नेतो तेव्हा मात्र समोरचं गिऱ्हाईक हटकून विचारतं, "लसूण आणू का, मास्तर?"