गाठीला गंडवणारी गोळी

अमळनेरजवळच्या खेड्यात कपाशी पाहावी तर धुरपदाबाईची. बोंडअळीच्या पतंगांसाठी ती झाडांना मादीच्या वासाच्या दोऱ्या बांधून घ्यायची. वावरभर वासच वास. नर बावचळून भटकतो, मादी काही सापडत नाही, वंश खुंटतो. हंगाम सरला, पतंग दिसेनासे झाले, की दोऱ्यांचं नाव नाही.

एकाहत्तराव्या वर्षी तिच्या छातीत लिंबाएवढी गाठ निघाली, कॅन्सरची. काळीज कमजोर, म्हणून धुळ्याच्या डॉक्टर हेमांगीबाईंनी ऑपरेशन टाळून रोजची एक गोळी दिली. चार महिन्यांत लिंबाचं बोर झालं. तशी म्हातारीनं गोळी बंद केली. पतंग सरले, मग दोऱ्या कशाला? सून पुनमला पत्ताच नाही.

दोन महिन्यांत बोराचं पुन्हा लिंबू झालं. धुळ्याच्या बसमध्ये पुनम म्हणाली, "आत्याबाई, गावले शिकाडतस तुम्ही, आनि सोताना जीवसंगे असा खेळ?"

"तोंड बंद ठेव माय, बस भरेल शे."

हेमांगीबाई रागावल्या नाहीत. कागदावर त्यांनी एक गोल काढला, आत बारक्या वाट्या काढल्या.

"अक्का, ही तुमच्या गाठीतली पेशी. बाईच्या अंगात जो रस बनतो, तो या वाट्यांत बसतो, आणि पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. गोळी आधीच वाटीत जाऊन बसते. रस येतो, जागा नसते, निघून जातो."

"मंग पेशी?"

"हुकूम नाही, तर वाढ नाही. बऱ्याचशा स्वतःच स्वतःला संपवतात. आतून तुकडे पडतात, ते शेजारच्या पेशी खाऊन टाकतात."

"बठ्ठं अंगमाच? आवाज नही, पू नही?"

"काही नाही. सगळं आतल्या आत."

फवाऱ्यानं तडफडणाऱ्या अळ्या धुरपदाबाईनं उभा जन्म पाहिल्या होत्या. असं मुकाट मरण पाहिलं नव्हतं, आणि ते चाललं होतं तिच्याच चोळीखाली. तिनं मग डॉक्टरीणबाईंना दोऱ्यांची गोष्ट सांगितली.

"अगदी तसंच," हेमांगीबाई म्हणाल्या. "पण कपाशीचा हंगाम सरतो. तुमच्या अंगात रस रोज बनतो. तुम्ही वाट्या रिकाम्या करून दिल्या, अक्का. आता गोळी पुन्हा लागू पडेलच, असं मी लिहून देणार नाही."

म्हातारीनं तिथंच, त्यांच्या टेबलावरच्या पाण्यानं गोळी गिळली.

तीन महिने तिनं गाठीला बोट लावलं नाही. भ्यायली होती. मग सोनोग्राफी झाली. हेमांगीबाईंनी पडद्यावर मोजलं, पुन्हा मोजलं.

"निम्मी राहिलीय."

पुनमनं डोळ्यांना पदर लावला. धुरपदाबाईनं विचारलं, "या घडीले कितल्या पेशी मरी ऱ्हायन्यात?"

"मोजता यायच्या नाहीत. लाखो असतील."

म्हातारीनं छातीवर तळहात ठेवला आणि श्वास रोखून बसली. लाखो पेशी मरत होत्या, आणि हाताला लागत होती फक्त तिच्या काळजाची धडधड.