रक्त माझं, निरोप नवऱ्याला

धानाच्या रोवण्याचा, लावणीचा पहिला दिवस होता. मालगुजाराच्या बांधीत आम्ही अठरा बाया, गुडघाभर चिखलात. रोपांची पहिली पेंडी रोवणाऱ्या बाईचं लेकरू जिवंत असावं लागतं, असा आमच्याकडचा रिवाज. शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून कोणीतरी पऱ्ह्यांची पेंडी फेकली. ती माझ्यापुढे पडली. मी उचलली. एवढंच. धुऱ्यावर छत्री धरून उभी असलेली मालगुजारीण ओरडली, "टाक ते खाली! मेल्या लेकराईची माय तू. तुया हातानं धान पोचट भरंल."

मी पेंडी टाकली. बाया चिखलाकडे पाहत राहिल्या. त्यांच्यात माझी सासूही होती, आणि तिनं मान डोलावली.

आणीबाणी उठली त्या साली पावसाळ्यातली ही गोष्ट. तोवर माझी तीन लेकरं गेली होती. पहिली दोन पोटातच. तिसरी मुलगी नऊ दिवस जगली. तळहातांची, तळपायांची कातडी सोलून निघत होती, नाक सारखं वाहत होतं, दूध ओढता येत नव्हतं. गावानं निकाल दिला, हिची कूसच वाईट. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव टोपलीत भरून तलावात सोडले होते. बाईची कूस वाईट असते, ही समजूत मात्र कोणी सोडली नाही. ती घरातच राहिली, सासूच्या तोंडात.

नवरा तुमसरला राईस मिलमध्ये हमाल. हंगामात चार-चार महिने तिकडेच.

त्या रोवण्याच्या वेळी मला चौथ्यांदा दिवस गेले होते. कोणाला सांगितलं नव्हतं. नसबंदीच्या धाकानं बाया तेव्हा सरकारी दवाखान्याची पायरी चढत नव्हत्या. मी चढले. नर्सबाईनं दंडातून रक्त काढलं. आठ दिवसांनी गेले तर डॉक्टरनं कागद वाचला आणि पालथा ठेवला.

"नवऱ्याला पाठव. त्याच्याशी बोलतो."

"मले सांगा ना, साहेब."

"तुला सांगून काय कळणार? तुमच्या लोकांत हे चालायचंच. वाट्टेल तसं राहायचं आणि मग इथे येऊन रडायचं. जा, बाहेर जा."

आजवर कोणी जा म्हटलं की मी गेले होते. टाक म्हटलं की टाकलं होतं. त्या दिवशी अंगाची आग झाली. मी टेबलाची कड धरली.

"रक्त माया आंगातलं काहाडलं. लेकरू माया पोटात हाये. मंग गोष्ट नवऱ्याले काहून?"

त्यानं चपराश्याला हाक मारली. मी कड सोडली नाही. दारात रांग उभी होती, ती आत डोकावू लागली. मग मला लाज वाटावी म्हणूनच तो मोठ्यानं बोलला, "गरमी आहे तुला. गरमी! गुप्तरोग, नवऱ्यानं बाहेरून आणलेला. झालं समाधान?"

लाज वाटली. जीव जाईल एवढी वाटली. तरी विचारलं, "बरी होते काय?"

"होते. पेनिसिलिनच्या सुया. दोघांनी घ्यायच्या, नाही तर उपयोग नाही."

"लेकरू जगते काय?"

"वेळेवर घेतल्या तर जगतं."

जगतं. एवढा एक शब्द, आणि तो मला कोणी सांगितला नव्हता. मी ताईत बांधले, उपास केले, सासूचे टोमणे खाल्ले, आणि इलाज दवाखान्याच्या कपाटात पडून होता.

नवरा शनिवारी आला. मी सांगितलं. त्यानं वर पाहिलं नाही.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

तिसरीच्या आधीच त्यानं तुमसरला एका खाजगी डॉक्टरकडून गुपचूप सुया घेतल्या होत्या. बायकोला घेऊन ये, असं त्या डॉक्टरनं बजावलं होतं. "कोणत्या तोंडानं सांगू? तू घर सोडून गेली असती."

नऊ दिवसांची पोर माझ्या मांडीवर गेली तेव्हा हा माणूस शेजारी बसून रडत होता. आणि त्याला माहीत होतं. मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आजही त्यातली एकही मागे घेत नाही.

तीन आठवडे, दर सोमवारी, मी त्याला पुढे घालून दवाखान्यात नेलं. दोघांना सुया. दोघं लंगडत घरी. सुया संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंगाला हात लावू दिला नाही. सासू म्हणाली, "नवऱ्याले असं तोडते काय वो?" तोडते, म्हटलं.

मुलगी झाली. ओरडतच आली. तिचंही रक्त तपासून घेतलं आणि कागद मी स्वतः वाचून घेतला. चांगलं निघालं.

नामकरणाला माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "चला, बाईच्या कुशीचा दोष गेला." नवरा माझ्या कानाशी लागला, "आज काही बोलू नोको. मायी इज्जत जाईल."

मी लेकरू घेऊन उभी राहिले. "दोष कुशीचा नव्हता. रक्ताचा रोग होता. तुमसरवरून माया घरी आला, सुयाईनं गेला. ज्याईचे लेकरं मरून राहिले, त्या नवरा-बायको दोघाईनंही रक्त तपासा."

दीर अंगावर धावून आला. माणसं न जेवता उठली. नवरा महिनाभर बोलला नाही. नाही तर नाही!

चार दिवसांनी मागच्या दारानं एक बाई आली. दोन लेकरं गेलेली, तिसऱ्यांदा पोटुशी. म्हणाली, मी एकटीच दवाखान्यात येते, नवऱ्याला कळू देऊ नको.

"तो नाही आला तं सुया फुकट," मी म्हटलं. "चल, त्याले सांगू."

"मारंल वो बाई तो."

"मारू दे. मलेही मारू दे. पण मी तुया दारात येऊन बसते, त्याले घेतल्याबिगर हालत नाही."