दोनदा तुटलेली साखळी

एकाच महिन्यात साखळी दुसऱ्यांदा तुटली, तेव्हा मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं त्याने चारही चाकांनी ओढणाऱ्या फोर-व्हील ट्रकचे ट्रान्सफर बॉक्स उघडले होते. गिअरबॉक्सकडून आलेली ताकद आतल्या साखळीने पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारा तो लोखंडी डबा त्याला घरच्या कपाटासारखा पाठ होता. आणि त्यानेच बसवलेली साखळी आठ दिवसांत तुटावी?

ट्रकमालक गॅरेजच्या दारात उभा होता. खाणीतला दगड वाहणारे त्याचे तिन्ही ट्रक इथेच यायचे.

"ह्यांचंच काम हे," तो ड्रायव्हरकडे बघत म्हणाला. "डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून पळवत असणार. उद्यापासून घरी बसा, काका."

ड्रायव्हर साठीला टेकलेला. "खाणीबाहेर पडलो की आधी फोर-व्हील काढतो. मला काय काल मिसरूड फुटलंय?"

"मिस्त्री, संध्याकाळपर्यंत सांगा चूक कोणाची. तुमच्या शब्दावर ह्यांची नोकरी." मालक निघून गेला.

साखळी तुटल्याचं आवाजावरूनच कळलं होतं; कारण बाहेर शोधायचं म्हणून मिस्त्रीने डबा उघडलाच नाही. फोर-व्हील लावली की हा डबा पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवतो, उणं-अधिक चालवून घेत नाही. चिखलात चाकं जरा घसरतात आणि ताण निघून जातो. कडक जमिनीवर त्याला वाट नसते. सगळा साखळीवर बसतो. खाणीतला रस्ता सध्या वाळून टणक झालेला. पण ताण यावा कशाने?

त्याने एका पुढच्या आणि एका मागच्या टायरवर जमिनीलगत खडूची खूण केली, फोर-व्हील काढायला लावली आणि ड्रायव्हरला ट्रक हळूहळू सरळ पुढे न्यायला सांगितलं. मागच्या चाकाचे दहा फेरे पुरे झाले. पुढच्या चाकाची खूण मात्र जमिनीला यायला अजून हातभर बाकी. पुढचे टायर कोरे करकरीत, मागचे झिजलेले. कोऱ्या टायरचं चाक मोठं, आणि मोठं चाक कमी फिरतं. खाणीत दिवसभर दोन्हींची ओढाताण, आणि मध्ये बिचारी साखळी.

मग मिस्त्रीला आठवलं. दीड महिन्यापूर्वी मालकाने विचारलं होतं, दोनच नवे टायर घेतलेत, कुठे घालू? "पुढे घाला, स्टिअरिंगला बरं," हे मिस्त्रीच म्हणाला होता.

दुपारी घरी त्याने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"मग सोपं आहे की," ती भाजी वाढत म्हणाली. "त्या काकांवर ढकला आणि मोकळे व्हा. देवाला तेवढं दिसेल, मालकाला कुठे दिसतंय?"

"टोमणे नको मारूस."

"मग जेवा नीट. कबूल करायलाही अंगात बळ लागतं."

संध्याकाळी मालक आला. मिस्त्रीने त्याला खडूच्या खुणा दाखवल्या. "काकांचा काही दोष नाही. टायर मी चुकीचे घालायला लावले. चारही सारख्या झिजेचे हवे होते."

"म्हणजे दोन वेळा ट्रक उभा राहिला तो तुमच्यामुळे?"

"हो."

दुसऱ्या दिवशी मालकाचे दोन ट्रक पलीकडच्या गॅरेजला गेले. तिसराही जाणार होता, पण ड्रायव्हर अडून बसला. "ही गाडी मी चालवायची, तर हात ह्याच मिस्त्रीचा लागेल. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघा."

मालक बराच वेळ पुटपुटत राहिला आणि मग ट्रक तिथेच ठेवून सारख्या झिजेचे टायर शोधायला गेला.