बॅटची कड आणि बाबांचे कान

माझे बाबा आठवड्याचे सहा दिवस सूतगिरणीत असायचे आणि रविवारी पंच. गिरणीत त्यांच्या खात्यात यंत्रांचा एवढा गोंगाट असे की तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. सहा दिवस ते सोसून सातव्या दिवशी पांढरा कोट चढवायचा आणि मोकळ्या मैदानात मधोमध उभं राहायचं, यासारखं सुख नाही असं ते म्हणायचे.

पंचांची परीक्षा त्यांनी चाळिशी उलटल्यावर दिली. जेवणाच्या टेबलावर नियमांचं पुस्तक उघडं टाकून ते आम्हाला छळायचे. "चेंडू स्टंपला लागला, बेल हलली आणि परत जागेवर बसली. काय द्याल?"

"नाबाद," आई ताट पुढे सरकवत म्हणायची. "आता जेवा."

ऐकून ऐकून आईला सगळं पाठ झालं होतं. झेल, पायचीत, धावबाद हे तर झालंच. स्वतःच्याच बॅटने स्टंप पाडणारा, चेंडू मुद्दाम दुसऱ्यांदा मारणारा, नव्या फलंदाजाने वेळेत यायचं असतं हे विसरणारा, या सगळ्यांचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं. बाबांना आंघोळीला उशीर झाला की ती दारावर टकटक करून सांगायची, "तीन मिनिटं झाली. बाद."

मी नोकरीला लागले तरी रविवारी त्यांच्याबरोबर जायची. स्कोअर लिहायला कुणी मिळत नसे, आणि मला ते काम आवडायचं.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात एका संघाकडून मास्तर खेळत होते. मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवणारे, पस्तिशीचे, सलामीला येणारे आणि खेळपट्टीवर तळ ठोकून बसणारे. चौऱ्याऐंशीवर होते. जिंकायला बावीस धावा हव्या होत्या, हातात तीन गडी होते. ऑफस्टंपच्या बाहेरचा एक चेंडू त्यांनी खेळायला घेतला आणि तो कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. सीमारेषेबाहेर टेबलाशी बसलेल्या मलाही 'टक्' ऐकू आलं. सगळ्यांनी अपील केलं. बाबांनी शांतपणे मान हलवली.

"नाबाद."

गोलंदाज कमरेवर हात ठेवून बघतच राहिला. एवढ्यात मास्तरांनी ग्लोव्ह्ज काढले आणि ते तंबूकडे चालू लागले. बाबा त्यांच्यामागे लगबगीने गेले. आपण बाद आहोत असा गैरसमज होऊन फलंदाज निघाला, तर पंचाने त्याला परत बोलवायचं असतं, आणि बाबा नियमाला पक्के.

"थांबा, मी आउट दिलेलं नाही."

"माहीत आहे, काका," मास्तर म्हणाले. "पण मी आउट आहे."

खरोखर बाद असलेला फलंदाज स्वतःहून निघून गेला तर तो बादच, हेही नियमातच आहे. मी वहीत 'झेलबाद' लिहिलं. मास्तरांचा संघ चार धावांनी हरला.

सामना संपल्यावर बाबा मागच्या नळावर तोंड धूत होते. सही घ्यायला मी वही घेऊन गेले, तर मास्तर तिथे येऊन उभे राहिले. आजूबाजूला दुसरं कुणी नाही हे त्यांनी आधी बघून घेतलं.

"काका, एक विचारू? तुम्हाला आवाज आला नाही ना?"

"वारा होता," बाबा म्हणाले.

"वारा पडला होता, काका." त्यांचा सूर अगदी हळुवार होता. "माझे वडील छापखान्यात होते. त्यांचंही असंच झालं. आम्ही घरात मोठ्याने बोलायला लागलो, पण त्यांना सांगितलं कुणीच नाही. हळूहळू त्यांनी माणसांत बसणंच सोडलं. तुम्ही कान दाखवून घ्या. मी कुठे बोलणार नाही."

बाबांनी वहीवर सही केली. घरी येईपर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढे चालत होते.

तीन दिवसांनी जेवताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला दोघींना माहीत होतं?"

आईने ताटातून मान वर केली नाही. टीव्हीचा आवाज, दोनदा मारलेल्या हाका, खांद्याला हात लावून सांगितलेल्या गोष्टी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…" एवढंच आई म्हणाली.

त्यांनी मला जुन्या वह्या काढायला लावल्या. गेल्या दोन हंगामांत आपण किती जणांना चुकून जीवदान दिलं ते त्यांना मोजायचं होतं. पण फेटाळलेल्या अपिलाची वहीत नोंदच नसते. तिथे चेंडूसाठी नुसता एक ठिपका असतो. बाबा पानं उलटत ते ठिपके बघत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला. जाडे आवाज येत होते, बारीक आवाज गेले होते. दोन्ही कानांना यंत्रं बसली. घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसून इकडेतिकडे बघत राहिले. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायचे. मग स्वयंपाकघराकडे कान देऊन त्यांनी आईला विचारलं, "तू काम करताना गुणगुणतेस?"

"तीस वर्षं गुणगुणतेय," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत कांद्याला दोष देऊ लागली. कांदा अजून टोपलीतच होता.

त्याच आठवड्यात बाबा पंच संघटनेच्या सचिवांकडे गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सचिव चांगला माणूस. ते म्हणाले, "राजीनामा नको. आधी बघू तरी."

त्यांनी रविवारी सकाळी सरावाच्या जाळीत चाचणी ठेवली. फलंदाज म्हणून कोण येणार असं बाबांनी विचारलं, तर मास्तर आधीच पॅड बांधून उभे होते. चोवीस चेंडू. प्रत्येक चेंडूनंतर बॅट लागली की नाही हे बाबा एका चिठ्ठीवर लिहायचे आणि मास्तर दुसऱ्या चिठ्ठीवर. पहिल्या सहांत बाबा दोनदा चुकले. मास्तर पाणी प्यायच्या निमित्ताने थांबले, बाबांना यंत्राचा आवाज नीट लावू दिला. पुढचे अठराच्या अठरा जुळले.

चिठ्ठ्या बघून झाल्यावर बाबा मास्तरांना म्हणाले, "त्या दिवशी तुमचा राग आला होता. दोन रात्री झोप नाही लागली. पण घरच्यांना जे जड गेलं ते तुम्ही बोललात. मी तुमचा फार आभारी आहे."

मास्तर पॅडचा पट्टा सोडवत राहिले. बराच वेळ तो त्यांना सुटत नव्हता.

मीही त्यांना गाठून धन्यवाद दिले. खरं तर ते काम माझं होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "मलाही माझ्या घरी जमलं नव्हतंच की."

पुढच्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात बाबांनी मास्तरांना पायचीत दिलं. सातव्या षटकात, तीन धावांवर. मास्तर निमूट परत गेले. जेवणाच्या सुट्टीत ते आपला डबा घेऊन बाबांशेजारी येऊन बसले.

"टप्पा लेगच्या बाहेर होता असं वाटलं मला."

"लेगच्या रेषेत होता. मधला स्टंप गेला असता."

"नक्की?"

"नक्की."

मास्तरांनी मान डोलावली आणि डब्यातली भाजी बाबांच्या झाकणात वाढली. बाबांनी ती चाखली, आणि मीठ कमी आहे हेही स्पष्ट सांगितलं. त्यानंतर सात हंगाम बाबा मैदानात उभे राहिले.