अध्यक्षांची तारीख

माझे यजमान आमच्या भागातल्या सहकारी सूतगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. ओळीने दोन वर्षं पाऊस पडला नाही, कापूस आला नाही, गिरणी बंद पडली आणि त्याच उन्हाळ्यात ते गेले. मी पेन्शनचा अर्ज घेऊन फंडाच्या ऑफिसात गेले, तेव्हा कळलं की पगारातून महिन्याच्या महिन्याला कापलेला फंड गिरणीने कित्येक वर्षं भरलाच नव्हता.

मी थेट गिरणीच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. तिथे टँकरच्या पाण्यावर हिरवळ जगवली होती. ते म्हणाले, "वहिनी, दुष्काळ हाय. पैसा गिरणीतच गेला. तुमी बाईमाणूस, काहून कोर्टाच्या भानगडीत पडता?"

त्यांचा चहा मी तसाच ठेवून उठले. या माणसाला आरोपी म्हणून उभं करायचं, एवढंच डोक्यात बसलं.

कामगारांच्या घरोघर हिंडून पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. काहींनी दारं लावून घेतली. त्यांची पोरं अध्यक्षांच्या शाळेत होती. तरी पिशवीभर जमल्या. त्या जोडून फंडाच्या ऑफिसात तक्रार दिली. तिथल्या चौकशीत अध्यक्षांच्या वकिलाने पुन्हा दुष्काळच पुढे केला. फंडाचे अधिकारी म्हणाले, "पगार वाटलात ना? मग त्यातून कापलेला पैसा तुमचा नव्हताच."

फंड, व्याज आणि वर दंड भरायचा हुकूम झाला. गिरणीची यंत्रं जप्त झाली. पोलिसांत विश्वासघाताचा गुन्हा नोंदला गेला.

मग अध्यक्षांचा भाचा घरी आला. माझे पैसे दुप्पट देतो, तक्रार सोडा, म्हणाला. पैशाची गरज होती. खोटं कशाला बोलू? पण मी त्याला सांगितलं, "मामांना सांग, बीडच्या कोर्टात भेटू."

अटक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने बीडचं कोर्ट गाठलं. अध्यक्ष दोन शिपायांच्या मधे बाकावर बसले होते. मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसत राहिले. मला लई बरं वाटलं.

चौथ्या दिवशी जामीन झाला. यंत्रांच्या लिलावातून कामगारांचा फंड भरला गेला, माझी पेन्शनही सुरू झाली. लेक म्हणाली, आता पुरे कर. पण खटला चालू होता. दर तारखेला मी जात राहिले, पुढच्या बाकावर बसत राहिले. शेवटी त्यांना शिक्षा झाली तेव्हा ते काठी टेकत आले होते. लोक हळहळले. मला दया आली नाही, अजूनही येत नाही.